शिकारीची पाळी

शिकारकथांमध्ये मचाण असते, हाका असतो, चांदणे असते आणि शेवटी वाघ असतो. नसतो तो फक्त अर्ज. वास्तविक मध्य प्रांताच्या रानात पहिला बार होण्याच्या कितीतरी आधी कागदावर एक मोठी खटपट होऊन गेलेली असे. कोणते जंगल मागावयाचे, कोणत्या महिन्यात मागावयाचे, आपल्या आधी कोणाचा हात त्यावर पडला आहे काय, आणि यंदा ते न मिळाल्यास पुढच्या साली काय करावयाचे, ह्याचा हिशोब पक्का शिकारी बंदुकीला तेल देण्याआधी करीत असे. ही हकीकत रंजक नाही, म्हणून ती मागे पडते. परंतु आजचा गोंदिया जिल्हा, म्हणजे १ मे १९९९ पूर्वीच्या भंडारा जिल्ह्याचा पूर्वभाग, ह्यातल्या रानाचे दैव बंदुकीइतकेच ह्या कागदानेही ठरविले असे मला वाटते.

कागद येण्यापूर्वी येथे शिकार नव्हती असे नव्हे. देवरी, सालेकसा, नवेगाव ह्या बाजूच्या गोंडांची पारध ही गावाची गोष्ट होती. सगळे मिळून निघत, मिळेल ते वाटून खात, आणि मोहाच्या, तेंदूच्या दिवसांप्रमाणेच पारधीचेही दिवस ठरलेले असत. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी रानाच्या मोठ्या भागावर सरकारची मोहर उठली. त्या भागाला ‘राखीव जंगल’ असे नाव पडले आणि त्यात नियम सोडून केलेली शिकार गुन्हा ठरली. रान तेच, माणूस तोच, तीरकमठाही तोच. पण आजा ज्याला पारध म्हणत होता, तिलाच नातवाच्या वेळी चोरटी शिकार म्हणू लागले.

राखीव जंगलाचे शिकारीसाठी तुकडे पाडण्यात आले. त्यांना ‘शूटिंग ब्लॉक’ म्हणत. जंगलखात्याच्या नाकेदारापासून गावच्या कोतवालापर्यंत सर्वांच्या तोंडी ‘बलाक’ हा शब्द बसला. परवाना सबंध जंगलाचा मिळत नसे, ब्लॉकचा मिळे, आणि तोही ठरलेल्या मुदतीपुरता. त्या मुदतीत तो ब्लॉक त्या मंडळीचा, दुसऱ्याने त्यात बंदूक घेऊन शिरावयाचे नाही. कोणत्या जातीची किती जनावरे मारावयाची ह्याला मर्यादा असे. योजना कागदावर पाहिली तर शहाणपणाची होती. एका रानात एका वेळी एकच टोळी, आणि त्या टोळीलाही आकड्याचा लगाम.

म्हणूनच नियोजनाला महत्त्व आले. ज्याला वाघ हवा त्याने एप्रिल-मे मागावा. नाले आटलेले असतात, पाणवठे थोडे उरतात, आणि वाघ कोठे पडून असेल ह्याचा अदमास बांधता येतो. ज्याला सांबराची शिंगे हवीत त्याला मात्र हे महिने निरुपयोगी, कारण उन्हाळ्याच्या तोंडाला सांबराची शिंगे गळून पडतात. त्याने हिवाळाच धरला पाहिजे. पावसाळ्यात रान बंद, आणि पावसाळ्यानंतरचे दिवस हिवतापाचे. म्हणजे एका रजेत दोन्ही साधत नसे. फौजेतला साहेब रजा मिळण्याच्या पुष्कळ आधी विभागीय वनाधिकाऱ्याला पत्र टाकी. पहिल्या पसंतीचा ब्लॉक गेला असल्यास दुसरा, दुसरा गेला असल्यास शेजारच्या जिल्ह्यातला, अशी उतरती यादी मनात धरी. त्यातच १९०३ ते १९०५ ह्या काळात गोंदियाहून बालाघाट-नैनपूरवरून जबलपूरपर्यंत छोटी रेल्वे झाली. तेव्हापासून मुंबई-कलकत्ता मार्गावरचे गोंदिया हे बालाघाट-मंडल्याच्या रानाकडे वळणाऱ्याला गाडी बदलण्याचे ठिकाण झाले. तंबू, पेट्या, बंदुका आणि खानसामा घेऊन निघालेल्या साहेबाला येथून दक्षिणेकडे वळले तर नवेगाव, उत्तरेकडे गेले तर कान्हा.

असे असूनही ह्या कागदाने जनावरे राखली नाहीत. का राखली नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

पहिले कारण असे, की पाळी होती पण ती पाळी मानाची होती. लाटसाहेबाचे पाहुणे, वरिष्ठ अधिकारी, संस्थानिक ह्यांच्यासाठी ब्लॉक मोकळा होई. बाकीच्यांनी उरलेल्यातून निवडावे. शिवाय कामठा, आमगाव, चिचगड अशा जमीनदाऱ्यांची स्वतःची राने होती. तेथे परवान्याची पाळी नव्हती, जमीनदाराची मर्जी होती. दुसरे कारण ह्याहून मोठे. मारावयाचा आकडा कागदावर होता, पण असलेल्या जनावरांचा आकडा कोणापाशी नव्हता. घरात धान किती ह्याची मोजदाद न करता रोज किती पायल्या काढावयाच्या हे ठरविण्यासारखे ते होते. आणि ज्या हाताने सरकार परवान्यावर मर्यादा घाली, त्याच हाताने वाघ, बिबटे, रानकुत्रे मारणाऱ्याला बक्षीसही देई. १९१२ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याच्या यादीत गवा होता, रानरेडा होता, हरणे होती. वाघाचे नाव त्यात नव्हते.

तिसरे कारण माणसांविषयीचे आहे. ज्याच्या पायाला त्या रानाची प्रत्येक पाऊलवाट ठाऊक होती, त्याला पाळीत जागाच नव्हती. हेला बांधावयाला तो, माग काढावयाला तो, हाक्याला ढोल घेऊन पुढे चालावयाला तो. जखमी वाघ झुडपात शिरला की त्याच्यामागे पहिला जावयाला पुष्कळदा तोच. पण अर्जदार तो नव्हे. राखलेल्या रानात त्याचा वाटा मजुरीपुरता उरला, तेव्हा ते रान राखण्याची आच त्याला वाटावी अशी अपेक्षा कोणी करावी?

स्वातंत्र्यानंतर ही घडी सुधारण्याऐवजी विसकटली. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या व मालगुजाऱ्या गेल्या आणि त्यांची राने सरकारकडे आली. ह्याच सुमारास जीप आली, प्रखर दिवे आले, पीकरक्षणाच्या नावाखाली बंदुकांचे परवाने सढळ हाताने वाटले गेले. पूर्वी पंधरा दिवस पायपीट करून जे साधत नसे, ते रात्रीच्या दोन तासांत रस्त्यावरून साधू लागले. नागपूरला शिकारीच्या कंपन्या निघाल्या. त्यांतली ॲल्विन कूपर ही कंपनी, पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल ह्यांनी १९५१ मध्ये पदवी घेतल्यानंतर काढली होती. परदेशी पाहुण्याने पैसे भरावेत. ब्लॉक, मचाण, हाकेवाले, स्वयंपाकी ह्यांची व्यवस्था कंपनीने पाहावी. आता पाळी मानाकडून डॉलरकडे सरकली, एवढाच फरक पडला. मोजणी तेव्हाही नव्हतीच.

परिणाम शेजारच्या कान्ह्यात आकड्यांनी दिसला. तेथील बारशिंगे १९३८ च्या मोजणीत तीन हजारांच्या आसपास होते; १९७० मध्ये ६६ उरले. ह्याला एकटी बंदूकच कारण होती असे नव्हे. कुरणे गेली, रोग आले. तरी पाळी लावणाऱ्याने आधी मोजले असते तर वेळीच हात आखडता आला असता. १९६९ मध्ये दिल्लीत निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाची बैठक भरली, पुढच्या वर्षी वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, आणि १९७२ च्या गणनेत भारतातले वाघ १८२७ भरले. आपल्याकडे नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान. मारुती चितमपल्लींसारखा वनाधिकारी ह्याच रानांत राहून लिहिता झाला, म्हणून त्यांची नावे मराठी वाचकाच्या घरात पोहोचली.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार एकदम बंद केली असे आपण समजतो, ते तितकेसे खरे नाही. त्या कायद्यात विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार आणि जनावरे पकडणे असे चार प्रकारचे परवाने शिल्लक होते. ते पुसले गेले १९९१ च्या दुरुस्तीने. तेव्हा कोठे ब्लॉकच्या पाळीची शेवटची खूण मिटली.

ह्याच्या उलट वाट अमेरिकेच्या पश्चिम भागात दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथला रानगवा, म्हणजे बायसन, नामशेष व्हावयाच्या बेतात होता. आपल्या काश्मिरी हंगुलाचा सोयरा शोभावा असा एल्कही पुष्कळ ठिकाणांहून नाहीसा झाला होता. पण त्यांनी पाळी मोडली नाही, ती नव्याने मांडली. जनावर कोणा जमीनमालकाचे नव्हे, राज्यातल्या सर्व जनतेचे, हे तत्त्व धरले. १९०० च्या लेसी कायद्याने चोरट्या शिकारीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याला आळा घातला. १९३७ पासून बंदुका व काडतुसांवरील कराचे पैसे वन्य प्राण्यांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागले. आजही तेथे राज्याचे खाते आधी त्या त्या विभागातली जनावरे मोजते, नंतर यंदा किती मारता येतील हे ठरविते, आणि तेवढ्याच चिठ्ठ्या काढते. अर्जदार जास्त झाले की सोडत.

ह्या सोडतीने एक नवेच शास्त्र जन्माला घातले आहे. नाव निघाले नाही तर पुष्कळ राज्यांत अर्जदाराच्या खात्यावर एक गुण जमा होतो. कोलोरॅडोत ज्याचे गुण जास्त त्याला आधी, असा रोकडा न्याय आहे. वायोमिंगमध्ये परराज्यातल्यांच्या एल्कच्या चिठ्ठ्यांपैकी पाऊण भाग गुणांवर जातो, पाव भाग निव्वळ नशिबावर. नेवाडात गुणांचा वर्ग करून तेवढ्या संधी देतात, म्हणजे पाच गुणांच्या पंचवीस. आयडाहो आणि न्यू मेक्सिको ह्यांना गुणांची भानगडच मान्य नाही. तेथे आज आलेला आणि वीस वर्षे आलेला सारखाच. म्हणून तिकडचा जाणता शिकारी एका राज्यावर विसंबत नाही. दोन-तीन वर्षांत मिळेल असे एक साधे रान, आठ-दहा वर्षांनी येईल असे एक मध्यम, आणि आयुष्यात एकदाच मिळाले तर मिळेल असा रानमेंढ्याचा एक डोंगर, अशी तीन ठिकाणी तो बी टाकून ठेवतो. मधल्या काळात गुण नसलेल्या राज्यात नशीब पाहतो. आणि सर्वांत आधी स्वतःचे वय मोजतो. कारण चाळिसाव्या वर्षी सुरू केलेली पंचवीस वर्षांची पाळी हाती येईल तेव्हा गुडघे पासष्टचे असतील.

ह्या रचनेतही खोट आहे. पुढे उभे असलेल्यांचेही गुण दरसाल वाढतात, चिठ्ठ्या मात्र तेवढ्याच. त्यामुळे आज सुरुवात करणाऱ्या तरुणाला काही रानांची पाळी आयुष्यात येणारच नाही. धनिकांसाठी काही चिठ्ठ्या लिलावानेही विकल्या जातात. तरीपण दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत: मोजल्यावाचून चिठ्ठी नाही, आणि सोडतीच्या मडक्यात घातलेल्या नावाला हुद्दा नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्या गोंडांच्या संदर्भात मला फार महत्त्वाची वाटते. क्रो नावाच्या आदिवासी जमातीशी अमेरिकन सरकारने १८६८ मध्ये तह केला होता. मोकळ्या सरकारी रानात शिकार करण्याचा हक्क त्यात लिहून दिला होता. १८९० मध्ये वायोमिंग हे राज्य झाले, तेव्हा तो हक्क संपला असे राज्य म्हणत राहिले. २०१९ मध्ये तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला, की राज्य झाले म्हणून तो हक्क संपलेला नाही. दीडशे वर्षे उशिरा का होईना, पाळी लागण्याआधी जे रानात होते त्यांचा विचार करावा लागला.

आपल्याकडे २००६ चा वनहक्क कायदा आला. गोंदिया-गडचिरोलीच्या गावांना त्याने पुष्कळ दिले: कसलेली जमीन, बांबू, तेंदूपत्ता, गावाचे सामूहिक रान. परंतु हक्कांच्या त्या यादीत एक अपवाद स्पष्ट शब्दांत लिहिला आहे: पूर्वापार चालत आलेला शिकारीचा हक्क त्यातून वगळला आहे. तो पुन्हा द्यावा असे मी म्हणत नाही. १८२७ वाघांपर्यंत खाली गेलेल्या देशाला तो परवडणारा नव्हता, आणि नवेगाव-नागझिरा हा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाल्यानंतरही मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या रानातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडाव्या लागल्या, ह्यावरून रान भरून यावयाला किती काळ लागतो ते दिसते. बंदी न्याय्यच होती. पण हिशोब मांडताना एवढे लिहून ठेवले पाहिजे, की जनावरे संपविली ती पाळीत उभे असलेल्यांनी, आणि बंदीची किंमत भरली ती पाळीत कधीच उभे न केलेल्यांनी.

ती किंमत आजही चुकती होत आहे. रानाच्या कडेच्या धानाच्या बांधीत रात्री रानडुकरे उतरतात. उपद्रवी जनावर मारण्याची परवानगी कायद्यात आहे, पण तीही अर्जानेच मिळते, आणि डुक्कर अर्जाच्या निकालापर्यंत थांबत नाही. दुसरीकडे नागझिऱ्याच्या दारावर ठरावीक गाड्यांनाच प्रवेश असल्यामुळे वाघ पाहू इच्छिणाऱ्यांची एक नवी पाळी लागली आहे. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, हे उत्तम झाले. मात्र ही पाळी लावताना जुन्या ब्लॉकच्या कागदाकडे एकदा पाहून घ्यावे. रानाला किती माणसे सोसतील ह्याची आधी मोजणी, पाहुण्यांच्या हुद्द्याला मडक्यात जागा नाही, आणि दारापलीकडच्या गावाचा मिळकतीत ठरलेला वाटा, एवढे तीन नियम जरी प्रामाणिकपणे पाळले, तरी आपण त्या कागदापासून काही शिकलो असे म्हणता येईल.