बस्सीहून : दोनची खिडकी

गेल्या महिन्यात बस्सीत एका बोर्डवर बसलो होतो. फौजेत नोकरी केलेल्यांना बोर्ड म्हणजे काय ते सांगायला नको. इतर वाचकांसाठी सांगतो : निकामी सामान मोडीत काढण्यापूर्वी तीन अधिकारी ते डोळ्यांनी पाहतात, लेजरशी ताडतात आणि सह्या करतात. जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याला तीसेक किलोमीटरवर बस्सी लागते. जूनमधली दुपार, पत्र्याचे स्टोअर आणि यादीत ११४ नग. पंखे, बॅटऱ्या, खुर्च्या, आणि शेवटी दोन जुने राऊटर, मागे जाड सिरियल केबल लोंबत असलेले.

राऊटर मोडीत काढण्यापूर्वी त्याची मेमरी पुसावी लागते. बोर्डवरचा सर्वांत धाकटा सदस्य एक लेफ्टनंट होता, कोल्हापूरचा. त्याने लॅपटॉप जोडला, मशीन सुरू केले आणि पडद्यावर जुने कॉन्फिगरेशन सरकू लागले. एका ओळीवर तो थांबला.

"सर, हे एक्स.२५ म्हणजे काय? आम्हाला शिकवलंच नाही."

त्याला शिकवले नाही यात नवल नाही. मला शिकवले होते, आणि ते मी नीट शिकलो नव्हतो. त्याची हकीकत पुढे येईल.

आधी ही चीज काय होती ते सांगतो. १९७६ साली जीनिव्हाच्या सीसीआयटीटी या संस्थेने, म्हणजे जगभरच्या टेलिफोन खात्यांच्या मानक मंडळाने, एक शिफारस मंजूर केली. तिचा क्रमांक एक्स.२५. त्या वेळच्या तारा खराब होत्या. खरखर, तुटणे, एका तारेत दुसरीचे बोलणे. अशा तारेवरून संगणकाचा मजकूर पाठवायचा तर प्रत्येक टप्प्यावर तपासायला हवा. म्हणून मजकुराचे छोटे तुकडे करायचे, साधारणपणे १२८ बाइटांचे. प्रत्येक तुकड्याला अनुक्रमांक द्यायचा. पुढच्या टप्प्याने 'पोचला' असे कळवेपर्यंत मागच्याने आपली प्रत फेकायची नाही. आणि किती तुकडे पोच न येता पाठवायचे यालाही मर्यादा. तिला खिडकी म्हणतात. ठरीव आकडा दोन. दोन तुकडे पाठवा, थांबा, पोच घ्या, मग पुढचे.

याच्या उलट विचार करणारी माणसेही तेव्हा होतीच. फ्रान्समध्ये लुई पुझँ यांनी सिक्लाद नावाचे जाळे उभे केले होते. त्यात मधल्या टप्प्यांनी फक्त ढकलायचे, हिशेब दोन टोकांनी ठेवायचा. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली मांडलेली इंटरनेटची कल्पनाही त्याच कुळातली. फ्रान्सच्या टेलिफोन खात्याने मात्र पुझँना बाजूला सारून एक्स.२५ वर ट्रान्सपॅक उभारले, १९७८ साली. घराघरातले मिनिटेल त्याच्यावरच चालले, २०१२ पर्यंत. माझे मत विचाराल तर टेलिफोन खात्यांना हे मानक आवडण्याचे कारण निव्वळ तांत्रिक नव्हते. मधल्या टप्प्यावर हिशेब ठेवणाऱ्याच्याच हाती बिल असते.

आपल्याकडे हे कुठे होते? दूरसंचार खात्याचे आय-नेट एक्स.२५ वर होते. पण मराठी वाचकाने डोळ्यांनी पाहिलेले उदाहरण वेगळेच आहे. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजारात समभागांचे व्यवहार संगणकावर सुरू झाले आणि मग गावोगावच्या ब्रोकरांच्या गच्च्यांवर पांढऱ्या ताटल्या दिसू लागल्या. त्या ताटल्यांतून उपग्रहामार्गे मुंबईला जाणारी खरेदी-विक्री एक्स.२५ मधूनच जात असे. ज्या देशात ट्रंक कॉल लागायला दिवस जाई, तिथे लहान गावातला ब्रोकर मुंबईच्या बरोबरीने भाव लावू लागला. पोच घेतल्याशिवाय पुढे न जाणाऱ्या या संशयी मानकाचा त्यात मोठा वाटा आहे, आणि त्याचे श्रेय त्याला क्वचितच मिळते.

आता राऊटर. नव्या पिढीला इंटरनेटचा राऊटर लावणे म्हणजे पत्ता दिला की झाले असे वाटते. एक्स.२५ मध्ये दोन्ही टोकांनी आधी करार करावा लागे. कोण डीटीई, कोण डीसीई. त्यातही सापळा होता : घड्याळाचा ठोका कोणी द्यायचा हे केबलवरून ठरे आणि मानकातली भूमिका वेगळी ठरवावी लागे. दोन्ही एकच समजून मी महूच्या प्रयोगशाळेत अर्धा दिवस घालवला आहे. मग जास्तीत जास्त १४ आकड्यांचा पत्ता. इंटरनेटचा कुठला पत्ता एक्स.२५ च्या कुठल्या पत्त्यावर बसतो हे हाताने लिहायचे, कारण जाळे आपणहून शोधून देत नाही. मग सर्किटांचे क्रमांक : कायमची सर्किटे सर्वांत खाली, त्यावर फक्त येणारी, मग दुतर्फा, मग फक्त जाणारी. दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच. शेवटी पाकिटाचा आकार आणि खिडकी. आणि यातले बरेच बदल दुवा पाडून पुन्हा उभा केल्याशिवाय लागू होत नाहीत, त्यामुळे आकडा बदलून तसाच बसलेला माणूस काही वेळ आपण जिंकलो अशाच समजुतीत असतो.

आता माझी हकीकत. मी नवा कॅप्टन होतो. जागा आणि साल सांगत नाही, उपयोगही नाही. डोंगरात पुढे एक छोटे ठाणे होते आणि मागे आम्ही. मध्ये उपग्रहाचा दुवा, आणि पुढच्या ठाण्यातले जुने टर्मिनल फक्त एक्स.२५ बोलणारे. आमच्या बाजूचे जुने यंत्र बंद पडले आणि त्याजागी राऊटर आला. तो मी लावला.

उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर. पाकीट वर जाऊन खाली येणार, त्याची पोच पुन्हा वर जाऊन खाली येणार. अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ. खिडकी दोनची, पाकीट १२८ बाइटांचे. म्हणजे एका फेरीत २५६ बाइट जाणार आणि मग लाइन रिकामी बसणार. दुवा सेकंदाला ६४ हजार बिटांचा असला तरी हातात जेमतेम चार हजार. मी पुस्तक वाचलेले होते. खिडकी सातपर्यंत वाढवता येते हे मला माहीत होते. सात केली, दुवा पाडून उभा केला, पुढच्या ठाण्याला एका ओळीचा टेस्ट मेसेज पाठवला. क्षणात पोच आली. वहीत सही केली आणि जेवायला गेलो.

पुढच्या ठाण्यातली खिडकी दोनचीच होती. तिथे कोणाला कळवायचे मला सुचले नाही.

सर्किट कायमचे होते, त्यामुळे दोन यंत्रे जोडणीच्या वेळी आपसात आकडा ठरवून घेतील ही सोयही नव्हती. छोटा निरोप दोन पाकिटांत मावे आणि जाई. मोठा निरोप निघाला की आमचा राऊटर पोचेची वाट न पाहता तिसरे पाकीट सोडी. पलीकडचे टर्मिनल खिडकीबाहेरचा अनुक्रमांक पाहून नियमाप्रमाणे सर्किट रीसेट करी. निरोप अर्धवट टाकून दिला जाई. आमचे यंत्र तो पुन्हा पहिल्यापासून पाठवी, पुन्हा तेच. पडद्यावर दुवा मात्र हिरवा. ड्यूटीवरच्या ऑपरेटरने रीसेटचा आकडा वाढतोय म्हणून मला सांगितले. मी म्हणालो, पाऊस आहे, उपग्रहाची लाइन खराब असेल.

दोन रात्री असे चालले. तिसऱ्या दिवशी सुट्टीवरून आमचे सुभेदारसाहेब परतले. सातारा जिल्ह्यातले, सव्वीस वर्षे नोकरी झालेले. त्यांनी ऑपरेटरचा लॉग वाचला आणि माझ्याकडे आले.

"साहेब, टेस्ट मेसेज केवढा पाठवला होता?"

"एका ओळीचा."

"मग तो दोन पाकिटांत मावला असंल."

त्यांच्याकडे एक वही होती, खाकी पुठ्ठ्याची. प्रत्येक सर्किटचे पान. पलीकडे कोणते यंत्र, घड्याळ कोणाचे, पाकीट केवढे, खिडकी केवढी, आणि कोणाशी बोलून ठरले त्याची तारीख. त्या पानावर खिडकी २ असे लिहून खाली रेघ मारली होती. दहा मिनिटांत आकडा परत दोन केला आणि अडकलेले निरोप सुटले. त्यातला एक पुढच्या ठाण्यातल्या एका जवानासाठी होता. वडील अत्यवस्थ असल्याची बातमी, जिल्ह्याच्या सैनिक बोर्डाकडून आलेली, गाव, तालुका, पोलीस ठाण्याची खातरजमा असा सगळा तपशील असलेली. म्हणून लांब. तो जवान खाली उतरला तोपर्यंत दुसरा निरोप आला होता. तो लहान होता.

मी त्याला भेटलो आणि झाले ते सांगितले. तो "ठीक है साहब" एवढेच म्हणाला आणि गाडीत बसला. चौकशीत दोष माझ्या नावावर लागला. तो माझाच होता.

लेफ्टनंटला मी हे स्टोअरमध्ये सांगितले नाही. त्या रविवारी आम्ही दोघे तुंग्याला गेलो तेव्हा सांगितले. तुंगा बस्सीच्या दक्षिणेला, लालसोटच्या वाटेवर. मराठी माणसाने बस्सीत राहून तिथे न जाणे बरे दिसले नसते. २८ जुलै १७८७ रोजी महादजी शिंदे आणि जयपूर-जोधपूरच्या फौजा तिथे भिडल्या. मोगल सरदार महंमद बेग हमदानी आधीच फुटून पलीकडे गेला होता आणि लढाईत तोफेच्या गोळ्याने मारला गेला. दिवसाचा निकाल कोणाच्याच बाजूने स्पष्ट लागला नाही. खरा घाव नंतर बसला : पगार थकलेल्या हिंदुस्थानी पलटणी तोफांसकट पाटीलबावांना सोडून जयपूरवाल्यांकडे गेल्या, आणि त्यांना मागे सरावे लागले. आज बाजरीची शेते, एक रस्ता, आणि काही दाखवायला नाही.

लेफ्टनंट म्हणाला, "सर, पुण्याला कळायला किती दिवस लागले असतील?"

तिथून आमचे बोलणे पुन्हा एक्स.२५ वर आले. कारण मराठेशाहीचा पत्रव्यवहार ज्यांनी वाचला आहे, पारसनीसांनी छापलेली दिल्लीच्या वकिलांची पत्रे जरी चाळली असतील, त्यांना ठाऊक आहे की पोच ही त्या कागदांत सगळीकडे आहे. पत्र हाती आले की त्याच्यावरच पोचल्याची तारीख टाकायची. उत्तराची सुरुवातच अमुक चंद्राचे पत्र अमुक रोजी पावले अशी. म्हणजे अनुक्रमांक आणि पोच एकाच वाक्यात. जासूद पाठवायचे ते जोडीने. मजकूर संपला तिथे लेखनसीमा, म्हणजे पुढे कोणी ओळ घुसवू नये. एक्स.२५ मध्येही प्रत्येक चौकटीच्या दोन्ही टोकांना आठ बिटांची खूण असते, शून्य, सहा एक, शून्य. आणि मजकुरात चुकून तशीच खूण येऊ नये म्हणून सलग पाच एक झाले की यंत्र मध्ये एक शून्य भरते. मोडी कारकुनाला हे समजावायला पाच मिनिटे लागली नसती.

फरक खिडकीचा. महादजींना पुण्याहून फौज आणि पैसा हवा होता. पत्र जायला आठवडे, उत्तर यायला आठवडे, आणि उत्तरात शंका असल्या की पुन्हा तेवढेच. अलीबहाद्दर उत्तरेत पोचला १७८८ च्या उत्तरार्धात, तुंग्यानंतर वर्ष उलटून गेल्यावर. दरम्यान दिल्लीत गुलाम कादरने बादशहाचे डोळे काढले होते. उशिराला नाना फडणवीसांचे राजकारण कारण होते हे खरेच, सगळा दोष जासुदांवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. पण दर पावलाला पोच मागणारा कारभार आणि लांबचे अंतर एकत्र आले की लाइन रिकामी बसते, हे मी उपग्रहावर पाहिले होते. आणि पलीकडच्याला न विचारता पोचेशिवाय पुढे गेलो की काय होते तेही.

"मग सर, खिडकी दोनच ठेवायची?" त्याने विचारले.

मी म्हणालो, नाही. पुढे आम्ही सातच केली. सुभेदारसाहेबांनीच केली. आधी पुढच्या ठाण्यातल्या हवालदाराशी रेडिओवर बोलून वेळ ठरवली, दोन्हीकडचा दुवा एकदमच पाडला, दोन्हीकडे आकडा बदलला आणि तीन पानी मेसेज पाठवून तपासला. दुवा साडेतीनपट वेगाने चालू लागला. वहीत नवी तारीख पडली. नंतर ते पेन्शनवर गेले आणि वही मला देऊन गेले. पुढे ते टर्मिनलही गेले. शेवटची काही वर्षे एक्स.२५ ची पाकिटे इंटरनेटच्या पाकिटात घालून पाठवायची युक्ती वापरत होतो. ती १९९४ पासूनच लिहून ठेवलेली आहे आणि जुनी यंत्रे तिच्या जोरावर कुठे कुठे अजून तग धरून असतील. फौजेत माणूस यंत्राच्या आधी निवृत्त होतो, त्यामुळे वही कोणाकडे आहे हा प्रश्न दर बदलीला पडतो.

सोमवारी बोर्डचे काम पुरे केले. राऊटरची मेमरी पुसली. त्यातली खिडकी दोन्ही बाजूंना सातची होती, कोणीतरी नीट काम केलेले. कागद मात्र अजून अडून आहेत : लेजरात सिरियल केबल एक दाखवली आहे आणि हातात दोन आहेत. जादा केबल आधी लेजरवर चढवायची, मगच ती मोडीत काढता येते. ते पुढच्या बोर्डला. तोवर केबल माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि लेफ्टनंट रोज विचारतो की ती डीटीईची की डीसीईची.