एक्स-रेत न दिसणारी इजा

1768 साली लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी घोट्याजवळची एक मोड लिहून ठेवली. बाहेरचं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, घोट्याच्या दोन-तीन इंच वर मोडतं आणि आतल्या बाजूचं लिगामेंट फाटतं. एक्स-रे यायला अजून सव्वाशे वर्षं होती. तरी हाडाइतकंच लिगामेंटही त्यांनी नोंदवलं, याचं मला फार मोल वाटतं.

1840मध्ये फ्रान्सचे मेझोनव्ह यांनी दाखवलं की पाऊल बाहेर पिळलं तर फिब्युला कधीकधी पार गुडघ्याखाली मोडते. घोट्याच्या फिल्ममध्ये ती मोड येतच नाही. म्हणून घोटा सुजलेल्या रुग्णाची पोटरी आजही गुडघ्यापर्यंत दाबून पाहायची असते.

1895मध्ये एक्स-रे आले. हाड लख्ख दिसू लागलं, लिगामेंट दिसेना. आणि माझ्या मते, जे दिसेना त्याकडे लक्षही कमी झालं.

ते पुन्हा वेधलं डेन्मार्कच्या लाउगे-हान्सेन यांनी, विसाव्या शतकाच्या मध्यावर. पाऊल जखडून त्यांनी शवांच्या नडग्या फिरवल्या आणि काय कशानंतर तुटतं ते पाहिलं. सर्वांत नेहमीच्या प्रकारात आधी नडगी आणि फिब्युला यांना पुढून बांधणारं लिगामेंट जातं. मग फिब्युला तिरकी मोडते, मग मागचा बंध, शेवटी आतलं हाड किंवा आतलं डेल्टॉइड लिगामेंट. फिल्ममध्ये ठळक दिसणारी फिब्युलाची मोड ही दुसरी पायरी ठरते!

1976मध्ये रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी मोजलं: घोट्याच्या सांध्यातलं टॅलस हे हाड 1 मिलिमीटर बाहेर सरकलं, तर सांध्यातला स्पर्श सरासरी 42 टक्क्यांनी घटतो.

म्हणून ऑपरेशनमध्ये फिब्युलाला प्लेट बसली की काम संपत नाही. सर्जन हुकने फिब्युला बाहेर ओढतो. नडगीपासून ती सुटत असेल, तर दोन्ही हाडांतून स्क्रू घालतो. फिब्युला थोडी मागे असते, त्यामुळे स्क्रू पंचवीस-तीस अंश पुढे झुकवावा लागतो. पुढे सीटी स्कॅनने दाखवलं की स्क्रू घट्ट बसूनही फिब्युला नडगीच्या खाचेत वाकडी राहू शकते. आता दोन धातूच्या बटणांमध्ये ताणलेला चिवट दोराही वापरतात. तो किंचित हालचाल होऊ देतो आणि सहसा काढावा लागत नाही.

डेल्टॉइड शिवायचं की नाही, यावर मात्र अजून एकमत नाही. फिब्युला नीट बसली की ते आपसूक जुळतं, असं मानणारे बरेच आहेत. पण टॅलस आणि आतलं हाड यांच्यातली फट मिटत नसेल, तर फाटलेलं लिगामेंट तिथे अडकलेलं असू शकतं. तेव्हा आतल्या बाजूने चीर देऊन पाहायलाच हवं.