बारामती-इंदापूरचे गाणे आणि त्याची मालकी

बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिलेल्या मोरोपंतांच्या (1729–1794) आर्या कीर्तनकारांनी गावोगाव नेल्या, आणि तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 मध्ये सुरू केलेल्या पालखी सोहळ्याबरोबर अभंग काटेवाडी, बेलवाडी, इंदापूर या वाटेने गात नेण्याची परंपरा दृढ झाली. या साऱ्या व्यवहारात गाणे ज्याच्या मुखी बसले त्याचे, असाच प्रघात होता.

गाण्याला कायद्याने मालक मिळाला तो फार उशिरा. प्रताधिकाराचा, म्हणजे निर्मात्याच्या कृतीवरील हक्काचा, भारतातील पहिला कायदा 1847 चा असला तरी आजचा व्यवहार चालतो तो 1957 च्या अधिनियमावर, आणि त्याच्या दृष्टीने एका गाण्यात शब्द, चाल व ध्वनिमुद्रण या तीन स्वतंत्र मालमत्ता असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनापासून 60 वर्षे. म्हणून तुकोबांचा अभंग सर्वांचा असला तरी कालपरवा मुद्रित झालेले त्याचे गायन सर्वांचे नसते. ही गुंतागुंत प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (1936) या चित्रपटात विलक्षण स्पष्ट दिसते, कारण त्यातील बीज आणि वृक्षाचे जे पद असंख्य भाविक तुकोबांचेच समजतात, ते वस्तुतः शांताराम आठवले यांनी रचले असून, त्यांचे निधन 1975 मध्ये झाल्याने त्या शब्दांवरील हक्क 2035 च्या अखेरीपर्यंत जिवंत आहे. आपले पद तुकोबांचेच समजले जावे याहून कवीला मोठी पावती नाही, परंतु पालखीच्या चित्रफितीला ते पद जोडणाऱ्याची फसगत होते ती इथेच.

‘रॉयल्टी-फ्री’ संगीताविषयीचा गैरसमजही याच जातीचा आहे. रॉयल्टी म्हणजे स्वामित्वधन, दर वापरामागे मालकाला द्यावयाची रक्कम. ती वारंवार द्यावी लागत नाही एवढाच त्या शब्दाचा अर्थ असून, परवान्याचे शुल्क बहुधा एकदा भरावेच लागते आणि मालकी मूळ धन्याकडेच राहते.

याउलट, पालखीच्या बेलवाडीतील रिंगणात एखाद्या दिंडीने टाळ-मृदंगाच्या नादात गायलेला तुकोबांचा अभंग जागेवरच मुद्रित केला, तर शब्द आणि परंपरागत चाल यांची अडचण उरत नाही. मात्र 1994 च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही सादरकर्त्याचा हक्क दिलेला असल्याने त्या दिंडीची संमती घेणे आवश्यक ठरते.