सभेची हजेरी : सेवाभावी संस्थांच्या इतिहासातील एक प्रकरण

शाळेचा दिवस हजेरीपटाने सुरू होतो. प्रौढांच्या संस्थांत मात्र हजेरी हा बहुधा कुरकुरीचा विषय असतो. मंडळ स्थापन होते, कार्यकारिणी निवडली जाते, पहिल्या दोन-चार सभा गजबजतात आणि पुढे इतिवृत्तात ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ अशा नोंदी दिसू लागतात. या जुन्या दुखण्यावर रोटरी या संस्थेने शतकभर निरनिराळे उपाय केले. त्यांचा इतिहास आपल्यालाही उपयोगी पडण्याजोगा आहे.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे वकील पॉल हॅरिस यांनी तीन परिचितांना एकत्र आणले. सिल्व्हेस्टर शील कोळशाचे व्यापारी, गुस्ताव्हस लोर खाण-अभियंते, तर हायरम शोरी शिंपीकाम करणारे. सभा लोर यांच्या कचेरीत भरली. पुढच्या सभा पाळीपाळीने एकेका सभासदाच्या कामाच्या जागी भरू लागल्या आणि या फिरतीवरूनच संस्थेला नाव मिळाले. या साध्या रीतीत मोठा व्यवहार होता. ज्याच्या जागेत सभा, तो यजमान. आणि यजमानाला गैरहजर राहता येत नाही. एका व्यवसायाचा एकच प्रतिनिधी घेण्याची प्रथाही अशीच उपकारक ठरली. गैरहजर सभासदाची खुर्ची त्यामुळे सर्वांच्या डोळ्यांत भरे.

तरीही गळती झालीच. पहिल्या चौघांपैकी लोर आणि शोरी फार काळ संस्थेत राहिले नाहीत. उत्साह ओसरू लागला, तेव्हा मुद्रणव्यवसायातील हॅरी रगल्स यांनी सभेत सर्वांनी मिळून गाणी म्हणण्याचा पायंडा पाडला. गैरहजेरीबद्दल दंड आला. पुढे तर सलग चार सभा चुकवणाऱ्याचे सभासदत्व धोक्यात येऊ लागले. मात्र या कठोर नियमाला एक उदार पुरवणी होती. आपली सभा चुकली, तर दुसऱ्या गावच्या क्लबात उपस्थित राहून ती हजेरी भरून काढता येई. परगावी गेलेल्या सभासदाला त्यामुळे अनोळखी शहरातही हक्काचे ठिकाण मिळाले. भारतात १९१९ साली कलकत्त्यात आणि १९२९ साली मुंबईत क्लब निघाले, तेव्हा ही शिस्तही त्यांच्याबरोबर आली.

या हजेरीपटावर स्त्रियांची नावे मात्र नव्हती. केवळ पुरुषांनाच सभासदत्व देणारी अट रोटरीच्या घटनेतून १९८९ साली निघाली. मराठी वाचकाला येथे पुण्याचे स्मरण होईल. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली तेथे आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच्या साप्ताहिक सभांना रमाबाई रानडे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष पत्करून जात. त्यांना हजर राहण्यासाठी दंडाची भीती घालावी लागली नाही. उलट, हजर राहण्याचीच किंमत त्या मोजत होत्या. तेथे शिकायला मिळते, बोलायला मिळते, ही ओढ त्यांना पुरेशी होती. पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या रूपाने त्यांच्या हातून जे कार्य उभे राहिले, त्याची पूर्वतयारी अशा सभांतून झाली.

नुसते जमणे म्हणजे सेवा नव्हे, हे शिकागोच्या मंडळींनाही लवकरच उमगले. १९०७ साली शहरात सार्वजनिक शौचालये व्हावीत, यासाठी त्यांनी प्रयत्न सुरू केले. १९७९ साली फिलिपाइन्समध्ये रोटरीने पोलिओ-लसीकरणाला हात घातला आणि १९८५ साली त्याची जागतिक मोहीम झाली. भारतात पल्स पोलिओच्या रविवारी केंद्रांवर सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर रोटरीचे स्वयंसेवकही उभे राहत. २०११ च्या जानेवारीत हावडा जिल्ह्यात आढळलेला पोलिओचा रुग्ण देशातील शेवटचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. या यशाचे श्रेय असंख्य हातांना आहे. पण ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, न चुकता येणारी माणसे अशा कामाला लागतात आणि ती सवय आयत्या वेळी लागत नाही.

२०१६ साली रोटरीने हजेरीचे नियम सैल केले. दर आठवड्याऐवजी महिन्यातून किमान दोन सभा घेण्याची मुभा क्लबांना मिळाली. नोकरी, प्रवास, संसार यांत गुंतलेल्या पिढीला दंडाने बांधून ठेवता येत नाही, हे त्यातून मान्य झाले.

मराठी मुलुखापासून दूर असलेल्या आपल्यासारख्या शाळेला हा इतिहास परका नाही. येथे मराठी कुटुंबे विखुरलेली आहेत. माजी विद्यार्थी मंडळाच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या सभेत दहा खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर त्या भरून काढायला दुसरे कोणी नाही. म्हणून सभेचा दिवस वर्षभरासाठी ठरलेला असावा. यजमानपद पाळीपाळीने फिरावे. प्रत्येकाकडे लहानसे का होईना, नेमके काम असावे आणि न आलेल्याची चौकशी दुसऱ्याच दिवशी आपुलकीने व्हावी. हीरकमहोत्सवाच्या समारंभाला सारे येतीलच. त्यानंतरच्या महिन्यातील साध्या सभेलाही ते यावेत, याची तयारी आतापासून करायला हवी.