गांवची राखण आणि चोराचा माग

गांवची राखण हें केवळ सरकारचें काम, ही समजूत फार जुनी नाहीं. पेशव्यांचा मुलूख इंग्रजांच्या हातीं आल्यावर माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं त्याविषयीं अहवाल लिहिला. त्यांत देशावरील जुनी व्यवस्था वर्णिली आहे.

चोरी झाली कीं पाटलाच्या हुकमतींतील जागल्या पावलांचा माग काढी. माग शिवेपलीकडे गेला, तर तो शेजारच्या जागल्यास दाखवून द्यावयाचा. पुढील शोध त्याच्याकडे. ज्या गांवांत माग संपे, त्या गांवानें चोर तरी द्यावा, नाहीं तर मालाची भरपाई करावी. त्यामुळें चोरास आसरा देणें गांवाला परवडत नसे. मात्र भरपाईचा भार गरीब राखणदारावरही पडे आणि हीं कामें गुणावर नव्हे, जन्मावर ठरत.

१८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानें पोलीस पाटलाचीं कर्तव्यें लेखी केलीं. पुढें त्या जागेवरील वंशपरंपरेचा हक्क संपला आणि १९६७ चा महाराष्ट्र ग्रामपोलीस कायदा आला. पेण-रोह्याच्या टापूंत, रामवाडीच्या आसपासच्या खेड्यांनाही हाच कायदा लागू आहे.

वतन गेलें, तें योग्यच झालें. परंतु त्याबरोबर सर्वांची जबाबदारी जावयास नको होती. पोलीस पाटील एकटा. त्याला डोळे आणि कान गांवानेंच पुरवावयाचे. शेजाऱ्याच्या दारीं अपरात्रीं खुडबुड ऐकून जो दिवा घेऊन बाहेर येतो, तोच गांवचा खरा जागल्या.