टाक्याखालची पट्टी



तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्यात व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना गडाची कथा हवी असते. आम्ही आज टाक्याची कथा सांगणार आहोत.

आमचा एक सोबती दगडखाणीत राबला. त्याच्या फुप्फुसाचा नासलेला भाग डॉक्टरांनी कापून काढला आणि उरलेली कड स्टेपलर यंत्राने पिना मारून बंद केली. तरी छातीतल्या नळीवाटे बाटलीतील पाण्यात बुडबुडे येतच राहिले. पिनांच्या छिद्रांतून हवा गळत होती. आम्हां कामगारांना हे समजण्यास शाळा लागत नाही. विरलेल्या कापडाला पक्का दोरा घातला की दोरा टिकतो, कापड फाटते. म्हणून शिंपी खाली पट्टी धरतो.

हीच पट्टी शस्त्रक्रियेत कशी आली, ते पाहू. आतडे फाटले असता काळ्या मुंग्यांना कडांवर डसवावे आणि धड तोडून डोकी तशीच ठेवावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. 1908 साली बुडापेस्टच्या ह्यूल्ट्ल या शल्यविशारदाने पहिले स्टेपलर वापरले. ते घडवले व्हिक्टर फिशर या कारागिराने. पण यंत्र ओळखले जाते ते ह्यूल्ट्लच्या नावाने. ते जड होते आणि जुळवायलाच फार वेळ लागे. पुढे पेट्झने ते हलके केले. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉस्कोच्या संशोधन संस्थेने अशी यंत्रे विकसित केली आणि 1958 साली रॅविच या अमेरिकन शल्यविशारदाने त्यांतले एक आपल्या देशी नेले. यंत्र सुधारले, तरी दुबळ्या फुप्फुसाची कड फाटण्याचे दुखणे उरलेच. 1994 साली अमेरिकेत जोएल कूपर यांनी गुरांच्या हृदयावरील आवरणाच्या पट्ट्या पिनांखाली घातल्या व हवेची गळती कमी होते असे दाखवले. नंतर शरीरात विरघळणाऱ्या धाग्यांच्या पट्ट्याही आल्या. प्रत्येक रुग्णास पट्टी हवीच का, यावर शल्यविशारदांचे एकमत नाही. आणि तिचा खर्च रुग्णाच्याच खिशावर पडतो, हेही विसरू नये.

आता पुण्याजवळची गोष्ट. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला; त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ एका विटा पाडणाऱ्या जातीच्या माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. सांधा पक्का करण्यासाठी त्याने काथ पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांना फासला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवस दुसरे काही लावले नाही. मग तुपात भिजवलेले कापड लावले. ऑक्टोबर 1794 च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये हा वृत्तांत छापून आला. 1814 साली तिथल्या कार्प्यूने याच रीतीने नाक घडवले.

त्या वृत्तांतात शस्त्रक्रिया पाहणाऱ्या साहेबांची नावे आहेत. जखमी कावसजीचेही आहे. ज्याने नाक बसवले त्याचे मात्र नाही. आम्ही आयुष्यभर हजेरीपटासाठी भांडलो. ज्याचे नाव पटावर नाही त्याला मजुरी मिळत नाही, हा आमचा रोजचा अनुभव. इतिहासाच्या हजेरीपटावरही तोच प्रकार दिसतो.

आणि तो काथ? खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून काथ काढणे हा कातकऱ्यांचा पिढीजात धंदा. त्यांचे नावही त्यावरूनच पडले असे मानतात. या डोंगरांत त्यांच्या वस्त्या आजही आहेत. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी खैरावरचा त्यांचा हात सुटला आणि पुढे त्यांच्यातली किती तरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर गेली. विटा पाडणारा तो शस्त्रवैद्य आणि काथ काढणारे हे लोक असे एकाच भट्टीपाशी येऊन पोचले, हे आम्हांस फार लागते.

म्हणून आमची एकच विनंती. या तालुक्यातील म्हाताऱ्या माणसांपाशी औषधाची, झाडपाल्याची, हाडे बसवण्याची जी माहिती आहे, ती शाळेतल्या मुलांनी लिहून घ्यावी. खरी कोणती, खोटी कोणती, ते डॉक्टर तपासतील. पण सांगणाऱ्याचे नाव आधी लिहावे.