नकुशाचं दुसरं बारसं

घरात लेकीवर लेक झाली, तिसरी किंवा चौथीही मुलगीच निघाली, की बारशाला तिच्या कानात नाव सांगितलं जायचं : नकुशा.

शब्दाची घडण सोपी आहे. ‘नको’ला ‘शी’ जोडून ‘नकोशी’ झाली आणि गावाकडच्या बोलीत तिची नकुशी, नकुसा, नकुशा झाली.

ओबडधोबड नावं आपल्याकडे मुलग्यांनाही ठेवत. मुलं जगत नसलेल्या घरात नवसाच्या पोराला धोंडू, दगडू, केरू, उकिरडा म्हणत. दृष्ट लागू नये, काळाने धोंडा समजून त्याला सोडून द्यावं, एवढीच त्यामागची आस. ते नाव म्हणजे त्या पोराची ढाल होती. नकुशाच्या वाट्याला अशी ढाल आली नाही. तिचं नाव हे देवाला घातलेलं गाऱ्हाणं होतं : आता मुली पुरे, मुलगा दे. नाव तिचं, पण मागणं अजून न जन्मलेल्या भावासाठी. तरी शाळेच्या हजेरीत त्या नावाला रोज ‘हजर’ म्हणायची ती तीच.

पुढे सोनोग्राफी आली आणि नकोशीला बारशापर्यंतही पोहोचू दिलं जाईना. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा. तरीही २००१च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त ८५१. त्याच जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला, २०१७ मध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले.

शेजारच्या साताऱ्याने मात्र एक वेगळी नोंद आपल्या नावावर केली. जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांच्या पुढाकाराने नकुशा नावाच्या मुलींचा शोध घेतला गेला. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात २८५ मुलींचं एकत्र नामांतर झालं. ठेवणीतले कपडे, वेण्यांना रिबिनी, रांगेत उभं राहून हातात घेतलेला नव्या नावाचा दाखला आणि फुलांचा छोटा गुच्छ. पहिल्या बारशाला त्यांना कुणी विचारलं नव्हतं. या दुसऱ्या बारशाला नाव निवडण्याचा मान त्यांचा होता.

एका समारंभाने मुलगा-मुलगी हा भेद संपत नाही, हे म्हैसाळने पुढे दाखवलंच. पण आईबापांनी लादलेला नकार सरकारी शिक्क्यानिशी पुसता येतो, हे त्या दिवशी साताऱ्याने दाखवून दिलं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

मुलींनी निवडलेल्या नावांत ऐश्वर्या होती, वैशाली होती. आणि सावित्रीही होती. १८३१ मध्ये याच जिल्ह्यातल्या नायगावला जन्मलेल्या, मुलींना अक्षर देणाऱ्या बाईचंही नाव तेच.